कॉयर आणि वाद्यवृंदासाठी उपासनासंगीत कसं रचावं

सतारीला पडदे असतात, पियानोला पट्ट्या असतात. गळ्याला यातलं काहीच नसतं. गाणाऱ्याच्या कानात पुढचा सूर आधी वाजावा लागतो, तेव्हाच तो गळ्यातून निघतो. कॉयरसाठी, म्हणजे एकत्र गाणाऱ्या गायकसमूहासाठी, लिहायला बसणाऱ्याने एवढी एक गोष्ट मनात पक्की धरली, तर बाकीचे बरेच निर्णय तिच्यातून आपोआप निघतात: कोणता सूर कुठून यावा, कोणत्या वाद्याने कधी बोलावं आणि कधी गप्प बसावं.

हा लेख अशा वाचकासाठी आहे ज्याला स्टाफ नोटेशन वाचता येतं, कॉर्ड आणि स्केल यांची ओळख आहे, कदाचित स्वतः एखाद्या कॉयरमध्ये गायलेला आहे आणि आता चार आवाज व वाद्यवृंद यांच्यासाठी आठ-दहा मिनिटांची पहिली रचना करायची आहे. कामाचा क्रम मी नेहमी असाच ठेवतो: आधी शब्द, मग श्वास, मग चार ओळी, आणि वाद्यं सर्वांत शेवटी. पहिल्या उत्साहात हा क्रम उलटा होतो. ट्रम्पेटची गर्जना आधी सुचते आणि शब्द तिच्यात कसेबसे कोंबले जातात.

शब्द कोणते घ्यावेत

ज्या शब्दांवर तुमचं मन खरोखर थांबतं तेच घ्या. महिनोन्‌महिने त्यांच्यासोबत राहायचं आहे.

सर्वांत वापरलेली वाट म्हणजे लॅटिन मिस्साचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेचे, पाच कायम भाग: कीरिए, ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस आणि आग्नुस देई. शतकानुशतकं यांवर संगीत रचलं गेलं आहे आणि मूळ लॅटिन शब्दांवर कोणाचा हक्क नाही. स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं ही दुसरी वाट. तिसरी वाट स्वतः संहिता जुळवण्याची. जर्मन संगीतकार ब्राम्स यांनी आपल्या जर्मन रेक्विएमसाठी (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची उपासना) लॅटिन विधी बाजूला ठेवला आणि लूथरच्या बायबलमधली वचनं स्वतः निवडून ओवली. इंग्रज संगीतकार होल्स्ट यांनी तर संस्कृत शिकायला घेतलं, ऋग्वेदातल्या सूक्तांचं स्वतः इंग्रजी भाषांतर केलं आणि १९०८ ते १९१२ या काळात त्यांवर कॉयरसाठी संगीत रचलं. आधुनिक भाषांतर वापरणार असाल तर एक सूरही लिहिण्याआधी त्याच्या हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. रचना पूर्ण झाल्यावर नकार आला तर सगळी मेहनत कपाटात पडून राहते.

संगीत कशासाठी आहे हेही इथेच ठरवा. प्रत्यक्ष उपासनेत गायचं असेल तर लांबी विधी ठरवतो. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताबद्दल जे आदेश काढले त्यांतच सांगितलं आहे की संगीतासाठी वेदीपाशी धर्मगुरूला गरजेपेक्षा जास्त ताटकळत ठेवू नये. मैफलीसाठी लिहीत असाल तर मोकळीक आहे, पण पहिल्या वेळी दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नका.

शब्द तोंडात घोळवा

निवडलेली संहिता हाताने कागदावर लिहा आणि आठवडाभर मोठ्याने म्हणा. चालताना म्हणा, कुजबुजत म्हणा, मोठ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी म्हणा. प्रत्येक शब्दात आघात कुठे पडतो तिथे खूण करा.

लॅटिनच्या बाबतीत वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला एक सोय आहे, कारण लघु-गुरूचा हिशेब इथेही चालतो. दोन अक्षरांच्या शब्दात आघात पहिल्यावर. तीन किंवा जास्त अक्षरं असतील तर शेवटून दुसरं अक्षर पाहायचं: ते गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. म्हणून ‘मिसेरेरे’मध्ये पहिल्या ‘रे’वर आघात येतो, ‘एक्शेल्सिस’मध्ये ‘शेल्’वर, पण ‘दोमिने’मध्ये ‘मि’ लघु असल्यामुळे ‘दो’वर आणि ‘मान्यीफिकात’मध्ये ‘फि’ लघु असल्यामुळे ‘न्यी’वर. ‘कीरिए एलेइसोन’ हे शब्द मुळात ग्रीक. त्यांत ‘की’ आणि ‘ले’ यांवर भार देतात.

आघाताचं अक्षर बारच्या बलवान मात्रेवर यावं, किंवा लांब असावं, किंवा उंच सुरावर असावं. तिन्ही एकाच वेळी असण्याची गरज नाही, पण तिन्हींपैकी एकही नसेल तर शब्द लंगडतो आणि ऐकणाऱ्याला कारण न कळताही खटकतं.

उच्चारही आत्ताच ठरवून स्कोअरच्या, म्हणजे सगळ्या ओळी एकत्र लिहिलेल्या प्रतीच्या, पहिल्या पानावर लिहा. चर्चच्या इटालियन वळणाच्या लॅटिनमध्ये ‘आन्युस’ आणि ‘पाचेम’ म्हणतात, जर्मन वळणात ‘आग्नुस’ आणि ‘पात्सेम’. फरक फक्त चवीचा नाही. ‘त्स’ हा आवाज मोठ्या दगडी वास्तूत शेवटच्या रांगेपर्यंत सळसळत जातो, ‘च’ तसा जात नाही.

आराखडा

संहितेची लांबी रचनेचं रूप सुचवते. कीरिएमध्ये वेगळे शब्द मोजून तीन: कीरिए, क्रिस्ते, एलेइसोन. त्यामुळे प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे तेच शब्द पुन्हा पुन्हा गाऊ शकतो, कुणाचं काही चुकत नाही. क्रेडोमध्ये मात्र श्रद्धेचं एकामागून एक विधान येत जातं. तिथे प्रत्येक ओळ चार वेळा फिरवत बसलात तर अर्धा तास पुरणार नाही, म्हणून तिथे चारही आवाज एकाच वेळी एकच अक्षर उच्चारत पुढे जातात.

एका आडव्या कागदावर वेळेची रेघ ओढा. कोणत्या मिनिटाला कोणता शब्द, आवाज किती मोठा, कोणती पट्टी, वाद्यं किती, एवढंच लिहा. शिखर एकच ठेवा. दोन ठेवलीत तर दुसरं आलं तेव्हा लोक दमलेले असतात. आणि शिखर नुसत्या मोठ्या आवाजाने घडत नाही. हायडन यांच्या १७९८ सालच्या ‘सृष्टी’ या ओरॅटोरिओत, म्हणजे अभिनयाशिवाय गायल्या जाणाऱ्या धार्मिक कथासंगीतात, कॉयर अगदी दबक्या आवाजात ‘आणि प्रकाश झाला’ हे वचन गाते आणि ‘प्रकाश’ या शब्दावर सगळा वाद्यवृंद सी मेजरमध्ये उसळतो. तो क्षण डोळे दिपवतो याचं निम्मं श्रेय आधीच्या दबक्या आवाजाला आहे.

चार आवाजांचे पल्ले

सोप्रानो आणि आल्टो हे बायकांचे उंच आणि खालचे आवाज, टेनर आणि बेस हे पुरुषांचे. मध्य सी म्हणजे सी४. त्याच्या वरच्या सप्तकातले सूर ५ चे, खालच्या सप्तकातले ३ चे, असा हिशेब धरू. हौशी पण तयार कॉयरसाठी सोप्रानोचा पल्ला सी४ ते ए५, आल्टोचा जी३ ते डी५, टेनरचा सी३ ते जी४ आणि बेसचा एफ२ ते डी४. हे कुंपण आहे, राहण्याची जागा नव्हे. राहायचं ते मधल्या सप्तकात: सोप्रानो साधारण एफ४ ते ई५, आल्टो ए३ ते ए४, टेनर एफ३ ते डी४, बेस ए२ ते ए३. टोकाच्या सुराला भेट द्यावी, परत यावं, आणि नंतर गळ्याला विश्रांती द्यावी.

माझ्या सुरुवातीच्या एका रचनेत मी सोप्रानोंना सलग आठ बार जी५ आणि ए५ यांवर ठेवलं होतं, तेही ‘ई’ या स्वरावर. कागदावर ते दिव्य वाटत होतं. तालमीत चौथ्या बारपासून सूर उतरायला लागला आणि ‘ई’चा ‘आ’ झाला. चूक गायिकांची नव्हती. तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद ‘ई’ आणि ‘ऊ’साठी खाली असतो, ‘आ’साठी वर. सोप्रानो एफ५ वर, म्हणजे सुमारे ७०० हर्ट्झवर पोचते तेव्हा मूळ सूरच ‘ई’च्या अनुनादाच्या कितीतरी वर गेलेला असतो. मग सूर टिकवायला ती जबडा उघडते, आणि सगळे स्वर एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात. म्हणून महत्त्वाचा शब्द इतक्या उंचावर पहिल्यांदाच आणू नका. तो आधी खाली, स्वच्छ ऐकवा. ओळखीचा झाला की वर घेऊन जा.

आणखी दोन गोष्टी. हौशी कॉयरमध्ये टेनर बहुधा कमी असतात, तेव्हा सगळी मदार त्यांच्या ओळीवर ठेवू नका. आणि चाळीस जणांच्या कॉयरचे आठ भाग केलेत तर प्रत्येक भागात पाचच गळे उरतात, त्यांतला एखादा सर्दीने बसलेला.

चार ओळी: एक वाक्य जवळून

‘दोना नोबिस पाचेम’, म्हणजे ‘आम्हाला शांती दे’. आग्नुस देईचं हे शेवटचं वाक्य घेऊ. तीन शब्द, प्रत्येकी दोन अक्षरं, प्रत्येकाचा आघात पहिल्या अक्षरावर. तीन मात्रांच्या बारमध्ये दोन-एक, दोन-एक असं बसवलं तर सगळं बरोबर येतं, पण पाळणा हलल्यासारखं होतं. तेही सुंदर असू शकतं. मला मात्र इथे ‘पा’ या अक्षराशी थांबायचं आहे, म्हणून चार मात्रांचे दोन बार घेतो. पहिल्या बारमध्ये ‘दो’ दीड मात्रा, ‘ना’ अर्धी, ‘नो’ दीड, ‘बिस’ अर्धी. दुसऱ्या बारमध्ये ‘पा’ पूर्ण दोन मात्रा, ‘चेम’ एक मात्रा, आणि चौथी मात्रा रिकामी. ती रिकामी मात्रा श्वासाची. शिवाय ‘चेम’मधला ‘म्’ सगळ्यांनी नेमका ती चौथी मात्रा सुरू होताच मिटायचा, म्हणजे चाळीस ‘म्’ चाळीस ठिकाणी सांडत नाहीत.

आता सूर. डी मेजर घेऊ. पहिल्या दोन अक्षरांवर डी मेजरची कॉर्ड: बेस डी३, टेनर डी४, आल्टो एफ शार्प ४, सोप्रानो ए४. ‘नो’वर सोप्रानो उडी घेऊन डी५ वर जातात आणि खाली बी मायनर येते: बेस बी२, टेनर डी४ वरच, आल्टो एफ शार्पवरच. ‘बिस’वर जी मेजर: बेस जी२, टेनर बी३, आल्टो जी४, सोप्रानो तिथेच. मग ‘पा’वर बेस जी वरून ए वर चढतात, टेनर ए३ वर येतात, आल्टो ई४ वर, आणि सोप्रानो अजूनही त्याच डी५ वर.

इथे काय झालं पाहा. सोप्रानोंनी जागा सोडलेली नाही, पण पायाखालची जमीन सरकली. ‘नो’ आणि ‘बिस’वर जो डी घरचा होता तो ‘पा’वर परका झाला, ए आणि ई यांच्याशी घासायला लागला. दुसऱ्या मात्रेवर तो सी शार्पवर उतरतो आणि ताण सुटतो. ‘चेम’ त्या सुटकेवरच म्हटलं जातं. शांती मागण्याच्या शब्दात आधी कळ येते, मग विसावा. आणि वाक्यातला सर्वांत अवघड सूर सोप्रानोंच्या तोंडात आधीपासूनच आहे, त्यांना तो शोधावा लागत नाही. विसंवादी सुराची आधी तयारी करायची हा जुन्या गुरूंचा नियम पुस्तकात कोरडा वाटतो. गळ्याला पडदे नाहीत हे आठवलं की तो नियम गाणाऱ्याच्या सोयीतूनच आलेला दिसतो.

अशा चार ओळी झाल्या की चारही ओळी एकेक करून स्वतः गा. तुमचा आवाज कसाही असो, सप्तक बदलून गा, पण गा. जी ओळ तुम्हाला कंटाळवाणी वाटते ती आल्टोंनाही वाटणार आहे. आल्टोंना पानभर दोनच सुरांवर उभं करणं ही या कलेतली जुनी खोड आहे. त्यांना निदान दर पानावर एक वळण द्या जे त्या घरी जाताना गुणगुणतील. आणि गाताना जिथे तुमचा श्वास संपला तिथे खूण करा. लांब सूर मोठ्या कॉयरमध्ये आळीपाळीने श्वास घेऊन धरता येतो, पण अर्थपूर्ण शब्दांच्या ओळीला सगळ्यांचा एकत्र श्वासच हवा.

आवाजांमागून आवाज

आता प्रत्येक आवाज एकामागून एक आत येतो अशी बांधणी. हिच्यात फ्यूग सर्वांत कडक. सुरुवातीला फ्यूगच्या मागे लागू नका, पण तिचं तत्त्व समजून घ्या. पहिला आवाज विषय, म्हणजे मुख्य चाल, सा वरून मांडतो, दुसरा तोच विषय प वरून. हे शास्त्रासाठी शास्त्र नाही. सोप्रानो आणि आल्टो यांचे पल्ले साधारण चार-पाच सुरांनी वरखाली आहेत, टेनर आणि बेस यांचेही तसेच. म्हणून सा-प अशी अदलाबदल केली की एकच विषय चारही गळ्यांच्या सुखाच्या जागी बसतो.

विषय निवडताना पहिलं अक्षर ठसठशीत घ्या, कारण गर्दीत नवीन आवाज आला हे त्या पहिल्या अक्षरावरूनच कळतं. ज्याने आधी विषय गायला आहे त्याने नवा आला की थोडं मागे सरावं, लांब सूर धरावेत किंवा चक्क थांबावं. चारही आवाज एकाच वेळी वेगवेगळे शब्द म्हणत असतील तर एकही शब्द पोचत नाही. ते फक्त अशा शब्दांवर करा जे श्रोत्यांना आधीच पाठ झालेत. ‘आमेन’वर इतके फ्यूग सापडतात त्यामागे हेही एक कारण आहे.

वाद्यवृंद

चार आवाज नुसत्या पियानोसोबत उभे राहिले की मगच इकडे वळा. पियानोवर जे पोकळ वाटतं ते तीन ट्रॉम्बोन लावून भरत नाही.

आधी एक भौतिक सत्य. वाद्यवृंदाची सर्वांत जास्त ऊर्जा साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि वर जाताना घटत जाते. एकटा शिकलेला ऑपेरा गायक ३००० हर्ट्झच्या आसपास आपल्या आवाजाला एक तेजस्वी शिखर देतो, म्हणून तो साठ वाद्यांच्या वरून ऐकू येतो. कॉयरमधले गायक मात्र एकमेकांत मिसळण्यासाठी हेच तेज आवरतात. म्हणजे चाळीस जण मिळूनसुद्धा तो भेदक गुण त्यांच्यात नसतो. त्यांच्यासाठी जागा रचनाकारालाच ठेवावी लागते.

ती जागा तीन प्रकारे ठेवता येते. उंचीने: कॉयर मधल्या सप्तकांत असताना व्हायोलिन एक सप्तक वर न्या, चेलो आणि डबल बेस खाली ठेवा, आणि टेनर-आल्टोंचा मधला पट्टा जाड कॉर्डनी भरू नका. वेळेने: ट्रम्पेट आणि हॉर्न शब्दांच्या मधल्या फटीत बोलवा, किंवा ठोका देऊन लगेच आवाज खाली घ्यायला लावा. आणि रंगाने: ज्या वाद्याचा रंग आवाजाशी एकरूप होतो त्यालाच त्या ओळीसोबत चालवा. ऑस्ट्रियातल्या चर्चसंगीतात आल्टो, टेनर आणि बेस यांच्यासोबत तीन ट्रॉम्बोन तेच सूर वाजवत. मोझार्ट यांच्या १७९१ सालच्या रेक्विएममध्ये तसंच आहे. हळू वाजणारा ट्रॉम्बोन मानवी आवाजाला इतका जवळचा आहे की आधार मिळतो पण वाद्य वेगळं जाणवत नाही. ओबो तसा नाही. तो सोप्रानोंसोबत सतत चालला की त्यांच्यावर नाकातला रंग चढतो.

काय वगळायचं हे ठरवल्याने रचनेला चेहरा येतो. मोझार्टच्या त्याच रेक्विएममध्ये बासरी, ओबो आणि हॉर्न नाहीत, त्यांच्या जागी दोन बॅसेट हॉर्नचा (क्लॅरिनेटच्याच घराण्यातलं, खालच्या सुरांचं वाद्य) काळसर रंग आहे. ब्राम्सच्या जर्मन रेक्विएमच्या पहिल्या भागात व्हायोलिन गप्प आहेत, म्हणून सांत्वनाचे शब्द व्हायोला आणि चेलोच्या सावलीत येतात. स्ट्राविन्स्की यांनी १९३० सालच्या स्तोत्रांच्या सिंफनीत व्हायोलिन, व्हायोला आणि क्लॅरिनेट सगळेच काढून टाकले. तुम्ही पहिल्यांदा लिहीत असाल तर तंतुवाद्यं, ऑर्गन, दोन हॉर्न आणि एक ओबो एवढ्यावर भागवा. पुष्कळ होतं.

आपल्या ‘दोना नोबिस’कडे परत येऊ. चेलो आणि डबल बेस बेसची ओळ धरतात. व्हायोला टेनरसोबत. पहिली आणि दुसरी व्हायोलिन सोप्रानोंच्या सुरावर मुळीच नाहीत. ती वर ए५ वर अगदी मंद, लांब धनुष्याने थांबलेली, आणि ‘नो-बिस’च्या वेळी विसावलेली, म्हणजे सोप्रानोंची उडी एकटी दिसते. एक हॉर्न दोन बार आधीपासून डी४ धरून आहे. तो ‘पा’ येताच थांबतो, कारण तिथला डी फक्त सोप्रानोंचा असला पाहिजे. आणि चौथ्या रिकाम्या मात्रेवर, कॉयर श्वास घेत असताना, ओबो सी शार्पवरून तीन सूर वर चढतो. एक थांबतो तिथे दुसरा बोलतो. श्रोत्याला खंड जाणवत नाही आणि गाणाऱ्याला हवा मिळते.

शांततेचाही वापर करा. बाख यांच्या बी मायनर मिस्सातल्या ‘क्रूसिफिक्सुस’मध्ये बेसची उतरती चाल तेरा वेळा फिरते. तेराव्या वेळी बासऱ्या आणि तंतुवाद्यं थांबतात, उरतात ते खाली उतरत जाणारे आवाज आणि त्यांच्याखाली बेसची साथ. कबरेत ठेवल्याचे शब्द आहेत तिथे. वाद्यं काढून घेण्याने जे झालं ते कोणतंही वाद्य घालून झालं नसतं.

वास्तूचा विचार शेवटी नको, इथेच हवा. मोठ्या कॅथेड्रलमध्ये आवाज चार-पाच सेकंद घुमतो. तिथे कॉर्ड झपाट्याने बदलल्या की आधीची नवीच्या अंगावर पडते, आणि डबल बेसच्या जलद धावा नुसता गडगडाट होतात. अशा जागेसाठी कॉर्ड सावकाश बदला आणि मोठ्या आवाजानंतर रिकामा बार ठेवा. तो बार वास्तू भरून काढते.

कागदावर उतरवणं

आधी सहा ओळींचा मसुदा: चार आवाज, खाली पियानोच्या दोन. त्यावर वाद्यांची नावं पेन्सिलीने लिहायची. मगच पूर्ण स्कोअर: वर लाकडी वाद्यं, मग पितळी, मग तालवाद्यं, ऑर्गन, मग एकल गायक, कॉयर, आणि सर्वांत खाली तंतुवाद्यं. एफ हॉर्नचा सूर पाच सुरांनी वर लिहितात, म्हणजे डी ऐकू यायला ए लिहायचा. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा एक पूर्ण स्वर वर. डबल बेस लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, तर ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेला टेनर एक सप्तक खाली गायला जातो.

आवाजाच्या ओळीत मंद-मोठ्याच्या खुणा स्टाफच्या वर लिहा, कारण खाली शब्द असतात. अक्षरांमध्ये जोडरेघ, आणि एक अक्षर अनेक सुरांवर ताणलं असेल तर सुरांवर वक्र रेघ. गायकांना पूर्ण स्कोअर देत नाहीत; त्यांना चार आवाज आणि वाद्यवृंदाचा पियानोसाठी केलेला सारांश असलेली प्रत लागते. त्या सारांशात, गायक प्रवेश करण्याआधी ते ज्या वाद्याचा सूर ऐकणार आहेत त्याचं नाव लिहा. ‘हॉर्न’ एवढा एक शब्द दहा मिनिटं वाचवतो. दर दहा-पंधरा बारला तालमीचं अक्षर (‘ए पासून घ्या’ असं सांगता येईल अशी खूण) टाका, आणि वाद्यांच्या प्रतीत पान उलटण्याची जागा विश्रांतीत आणा.

म्यूझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर या सगळ्याला पुरेसं आहे. पण त्यातला कॉयरचा आवाज ऐकून निर्णय घेऊ नका. तो दमत नाही, श्वास घेत नाही, कोणत्याही सुरावर अचूक उडी मारतो, आणि ट्रॉम्बोनखाली कधीच बुडत नाही. त्याच्यावर विसंबून लिहिलेलं संगीत माणसांसमोर ठेवलं की पहिल्याच पानावर अडतं.

तालमीत

पहिल्या तालमीला संचालकाशेजारी उभे राहू नका. शेवटच्या रांगेत, पेन्सिल आणि स्कोअर घेऊन बसा, आणि शक्यतो बोलू नका. कुठे काय ऐकू आलं नाही, कुठे दोनदा तीच चूक झाली, तिथे फक्त खूण करा. एकदा झालेली चूक गाणाऱ्याची असू शकते. त्याच जागी तिसऱ्यांदा झाली तर ती तुमची आहे.

अशीच एक जागा मला अजून आठवते. मी पितळी वाद्यांचा एक लांब टप्पा एफ मेजरच्या भरगच्च कॉर्डवर संपवला होता आणि पुढच्याच मात्रेवर सोप्रानोंना एफ शार्पवर, डी मेजरमध्ये आत आणलं होतं. कागदावर ते पडदा उघडून उजेड आत यावा तसं होतं. तालमीत निम्म्या सोप्रानो एफवर आल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. कानात एफ घुमत असताना त्याला लागून असलेला सूर कुठून आणायचा? त्या मुली एकमेकींकडे पाहत होत्या आणि मला मागच्या रांगेत त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं, कारण त्यांना अवघड मी केलं होतं.

त्या रात्री मी तिथे एक बार वाढवला. पितळी वाद्यं थांबतात, एफचा घुमार विरतो, आणि एकटा क्लॅरिनेट अगदी हळू एफ शार्प धरतो. बाकी काही नाही. पुढच्या तालमीत सोप्रानोंनी तो सूर ऐकला, श्वास घेतला आणि सगळ्या एकत्र त्याच्यावर आल्या. नंतर मी ती रचना दोनदा दुरुस्त केली, बरंच काही काढून टाकलं. तो एक बार मात्र तसाच ठेवला आहे.